आमच्या मळ्यातला नववा गडवा

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे पाहुणे आले, की चहा झाल्यावर मी त्यांना मळा दाखवायला नेते. वांगी, भेंडी, कोथिंबिरीचे वाफे बघून झाले की ते बांधापाशी येऊन थबकतात. तिथे रेतीचा एक काळपट, गुळगुळीत गोल आहे आणि त्याच्या मधोमध एक पितळी गडवा काठापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. गडवा म्हणजे तांब्या. "देवाचं आहे का काही?" असं पाहुणे हळूच विचारतात. माझ्या एका मावससासूनं तर डोक्यावर पदर घेऊन नमस्कारही केला होता. मग मला सांगावं लागतं, की देवाचं नाही, गोल्फचं आहे. त्यावर लोक आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि मग कोथिंबीर काय भाव चालली आहे ते विचारतात.

त्यांचं काही चुकत नाही. वडनेरपासून आत, कापूस-तूर-हरभऱ्याच्या मुलखात, नदीकाठी भाजी पिकवणाऱ्या एका लहानशा गावात गोल्फ खेळतात हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. मी वर्धा शहरात वाढले. खेळ म्हणजे लंगडी आणि कॅरम, एवढीच माझी मजल. सासरी आल्यावर मला हे प्रकरण कळलं.

गावातली जुनी माणसं सांगतात, की इंग्रजांच्या राज्यात कापसाच्या व्यापारासाठी एक साहेब इथे नदीकाठी बंगला बांधून राहिला. तो कुठल्याशा समुद्राकाठच्या गावचा होता आणि त्या गावात म्हणे लहानथोर सगळेच हा खेळ खेळत. साहेबाला घराची आठवण यायची. मग त्यानं नदीकाठानं नऊ खळगे खोदून घेतले. आमच्या उन्हात हिरवळ टिकेना, म्हणून नदीची रेती आणून त्यात जवसाचं तेल कालवलं आणि खळग्याभोवती पसरलं. त्यावरून चेंडू सरळ गडगडतो आणि वाऱ्यानं रेती उडत नाही. त्याच्या काठ्यांच्या थैल्या आमच्या गावची माणसं उचलायची. साहेब गेला, बंगला पडला, मैदान पुन्हा शेत झालं. खेळ मात्र थैल्या उचलणाऱ्यांकडे राहिला. हरभरा निघाला, गहू निघाला, की रान मोकळं होतं. पेरणीपर्यंत त्या रानात आमचं गाव गोल्फ खेळतं. जवसाचं तेल आता परवडत नाही, ट्रॅक्टरचं जळकं तेल घालतात. खळगे ढासळायला लागले तेव्हा कोणीतरी आपल्या घरचा गडवा आणून पुरला, आणि तेव्हापासून नऊ घरांचे नऊ गडवे.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, हे या खेळातलं मोठं प्रस्थ. तरुणपणी नागपूरच्या एका अधिकाऱ्यानं त्यांचा टोला पाहिला आणि थैली उचलायला म्हणून त्यांना सोबत समुद्राकाठच्या एका गावी नेलं. तिथे मोठी स्पर्धा होती. मामाजींनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. परत आल्यावर घरातल्यांना वाटलं, आता समुद्राचं वर्णन करतील. मामाजी समुद्राबद्दल एकच वाक्य बोलले, "रेती फुकट आहे तेथी." बाकी सगळं बोलले ते तिथल्या एका खोलीबद्दल. त्या खोलीच्या भिंतींवर त्या गावच्या जुन्या खेळणाऱ्यांचे फोटो होते, पार पहिल्यापासून, आणि एक म्हातारा रोज ते फडक्यानं पुसायचा. कोळी होते, पाववाले होते, शाळामास्तर होते, एक आंधळा होत चाललेला पाद्री होता. "त्या गावानं आपले मानसं जपले," असं मामाजी म्हणायचे. "आपल्या गावानं काऊन नाई जपाव?"

आमच्याकडे ना खोली, ना फोटो. म्हणून मामाजींनी वेगळाच मार्ग काढला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ गडव्यांचा मोठा खेळ असतो. त्या सकाळी पहिला टोला पडायच्या आधी ते गावच्या जुन्या खेळणाऱ्यांची आठवण मोठ्यानं सांगायचे. एक कांदे विकणारा होता, डावखुरा. डाव्या हाताची काठी गावात नव्हती म्हणून उजव्या हाताची काठी उलटी धरून तो खेळायचा आणि जिंकायचा. एक न्हावी होता. त्याचा चेंडू इतका बुटका जायचा, की उभ्या बैलबंडीखालून पलीकडे निघायचा. देवळातल्या एका पुजाऱ्याच्या तोंडून वर्षभरात फक्त चौथ्या गडव्यावर शिवी निघायची, आणि मग तो नदीत उतरून आंघोळ करून यायचा. मामाजी हे असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला ती माणसं बांधावर बसलेली दिसावीत. मी दरवर्षी तेच ऐकायचे आणि दरवर्षी हसायचे.

या खेळाचे आमच्याकडे दोनच कायदे आहेत, पण ते पक्के आहेत. पहिला असा, की ज्या घराचा गडवा त्या घरचं कोणीतरी पाडव्याच्या खेळात उतरलं पाहिजे आणि आपल्या गडव्यापर्यंत पोचलं पाहिजे. हरलं तरी चालेल. पण घरात खेळणारं कोणी उरलं नाही, की गडवा उकरून घरी परत देतात आणि ती रेती दुसऱ्याच्या रानात जाते. दुसरा कायदा भाजीच्या वाफ्यांमुळे झाला. चेंडू उभ्या पिकात गेला तर खेळणाऱ्यानं तिथे पाय टाकायचा नाही. त्या मळ्याच्या घरच्याच माणसानं चेंडू बाहेर काढून ठेवायचा, आणि तो जिथे ठेवला जाईल तिथून पुढचा टोला. आता भाजीच्या वाफ्यात सकाळी कोण असतं? बायाच असतात. म्हणजे खेळ पुरुषांचा आणि निकाल बायांच्या हातात, अशी ही गंमत.

मला हे माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याला मी वांगी तोडत होते आणि एक चेंडू सूं करत येऊन माझ्या टोपल्यात पडला. मी भडकले. "कोनाचं पोट्टं आहे हे?" असं ओरडून मी तो चेंडू जोरात सडकेवर भिरकावला. तो चेंडू फाटकवाल्या काकाजींचा होता. काकाजी म्हणजे मामाजींचे जन्माचे प्रतिस्पर्धी. रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली, आणि फाटक नेमानं उघडलं-लावलं, तसेच कायदेही नेमानं पाळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सडकेवर गेले, ट्रक जाईपर्यंत थांबले, आणि डांबरावरून टोला मारला. मामाजी पोट धरून हसत होते. त्या दिवसापासून मी गावात 'सडकवाली सून' झाले.

पुढे मी शहाणी झाले. शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी मला कायद्याचा खरा उपयोग शिकवला. एका वर्षी आमच्या बकरीनं त्यांची मेथी साफ केली होती. त्या पाडव्याला मामाजींचा चेंडू काकूंच्या भेंडीत गेला. काकूंनी तो शांतपणे उचलला आणि बोरीच्या झुडपात, अगदी काट्यांच्या मधोमध नेऊन ठेवला. मामाजींचे हात ओरबाडले गेले. घरी आल्यावर मी काकूंना नावं ठेवायला लागले तर मामाजी म्हणाले, "बकरी आपलीच होती ना?"

तर असं चाललं होतं. सासूबाई वारल्यावर मळा माझ्याकडे आला. सकाळी मळा आणि दुपारी शाळा, कारण मी गावच्या शाळेत शिकवते. माझे यजमान चंद्रपूरला नोकरी करतात आणि सुट्टीला येतात. त्यांना गोल्फ म्हटलं की झोप येते. लहानपणी एकदा त्यांनी मारलेला चेंडू गावच्या वळूला लागला आणि वळूनं त्यांना नदीपर्यंत नेलं, तेव्हापासून त्यांनी काठीला हात लावला नाही. त्यामुळे आमच्या घरचे खेळणारे एकटे मामाजी. ते खेळतच राहणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

परवाच्या हिवाळ्यात ते मळ्यात पत्ताकोबी कापत होते. मी पोती शिवत होते. अचानक त्यांच्या हातातला विळा पडला आणि ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला लागले, पण ते शब्द नव्हते. तोंड एका बाजूला गेलं होतं. मी ओरडले. काकू धावत आल्या. त्यांच्या मुलाची पिकअप बाजाराला निघाली होती, पत्ताकोबीनं भरलेली. काकूंनी फळी पाडली आणि दोन्ही हातांनी पत्ताकोबी सडकेवर ढकलून दिली. त्या दिवशी बाजार चांगला होता, हे मला माहीत होतं. गाडीत पोत्यांवर मामाजींचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले आणि आम्ही थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंचे हे उपकार मी फेडू शकत नाही आणि फेडायचेही नाहीत. काही माणसांच्या ऋणात राहायला मला आवडतं.

जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. बोलायला गेले की नुसतं "हं" यायचं. दवाखान्यात व्यायाम करवून घेणारी एक मुलगी होती, फार गोड आणि फार चिवट. तिनं त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला. मामाजींनी तो बघितला आणि पलंगाखाली टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. मग मी घरून गोल्फचा एक जुना चेंडू नेला. तो त्यांनी डाव्या हातानं उजव्या हातात ठेवला, बोटं एकेक करून त्यावर मिटली, आणि दिवसभर सोडला नाही. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, चालेल हाच." तिलाही माझा नमस्कार पोचावा. ती आता कुठे आहे मला माहीत नाही.

मामाजी घरी आले. गाव भेटून गेलं. संक्रांतीच्या आसपास फाटकवाले काकाजी आले. खाटेजवळ बसले, हवापाण्याचं बोलले, कापसाचं बोलले. जाताना ओसरीत उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, पाडव्याले नवव्या गडव्याचं कसं करायचं?"

आत मामाजींनी ते ऐकलं होतं. मी गेले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. नववा गडवा त्यांच्या आजोबांनी पुरलेला. खेळ तिथे संपतो, सगळं गाव तिथे जमतं, तिथेच आमच्या विहिरीचं पाणी पितात. त्या दिवसापासून मामाजींनी व्यायाम सोडला. भाकरीचे दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मी रागावले, समजावलं, केळझरच्या गणपतीचा अंगारा लावला. काही उपयोग नाही. सुट्टीला आलेल्या यजमानांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "अवं, जाऊ दे ना तो गडवा. म्हाताऱ्याची तब्येत पाहायची का गडवा?"

मला तेव्हा कळलं, की या घरात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. गडवा उकरला त्या दिवशी मामाजीही संपतील, अशी माझी खात्री झाली. मी तशीच उठून काकाजींच्या घरी गेले.

"मी खेळले तर चालते का?"

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता नाही म्हणणार. ते म्हणाले, "नियमात कोठी बाई-बुवा आहे? घरचं पायजे, एवढंच आहे. सून घरची नाई त मंग कोनाची आहे?" आणि वर म्हणाले, "सडकेवर नको फेकजो फक्त."

मी घरी येऊन मामाजींच्या कोपऱ्यातली थैली काढली आणि त्यांच्या खाटेपाशी ठेवली. त्यातली एक काठी हातात धरून "शिकवा," म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं आशीर्वाद देतात. त्यांनी माझी काठी धरायची बोटं सोडवली आणि नीट लावली.

पुढचे दोन-अडीच महिने रोज सकाळी शाळेआधी आमची शिकवणी चालायची. मी मळ्याशेजारच्या मोकळ्या रानात टोले मारायचे आणि मामाजी खुर्चीवर बसून बघायचे. बोलता येत नसल्यामुळे त्यांच्याकडे दोनच उपाय होते. बरं झालं तर डोळे मिटायचे. वाईट झालं तर दवाखान्यातून मिळालेली चार पायांची काठी माझ्या घोट्याला टोचायचे. माझे घोटे त्या दिवसांत काळेनिळे असायचे. गावात सांगायचे, की म्हातारा सुनेले मारून राह्यला. खरं सांगते, त्यांना तेव्हा बोलता येत असतं तर मी टिकले नसते. मामाजींच्या जिभेला धार होती. ती गेल्याचं मला रोज वाईट वाटायचं, आणि टोला चुकला की थोडं बरंही वाटायचं. मुख्य म्हणजे मला काठी टोचायला मिळावी म्हणून ते उठायचे. आधी खुर्चीतून टोचायचे, मग उभं राहून, मग चालत येऊन.

पाडव्याची गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पहिल्या गडव्यापाशी उभे होतो. यजमान रजा काढून आले होते, आणि वळू कुठे आहे याची चौकशी करून झाली होती. जुन्या खेळणाऱ्यांची आठवण त्या वर्षी काकाजींनी सांगितली. मामाजींसारखी त्यांना जमली नाही. न्हाव्याची बैलबंडी ते विसरले. मामाजींनी "हं, हं" करत हातानं बंडी दाखवली, तेव्हा सगळे हसले.

माझा खेळ कसा झाला ते फार विचारू नका. माझे टोले उजवीकडे जायचे, आणि उजवीकडे कोणाचा ना कोणाचा मळा होताच. आयुष्यभर मी ज्यांच्याशी भाजीच्या भावावरून भांडले त्या सगळ्या बायांच्या वाफ्यांत माझा चेंडू त्या सकाळी जाऊन आला. आणि काय सांगू, एकीनंही काट्यात ठेवला नाही. एकीनं तो पदरानं पुसून दिला. काकूंच्या भेंडीत गेला तेव्हा त्या चेंडू घेऊन चालतच सुटल्या, आणि पार रेतीच्या काठाशी नेऊन ठेवला.

"काकू, अवं किती पुढं!" मी म्हटलं.

"चूप बस. कुठी ठेवाव ते माया हाती आहे," त्या म्हणाल्या. "खेळजो आता नीट."

काकाजींनी आकाशाकडे बघितलं. कायद्यात बसत होतं.

अशी मी आठ गडवे पार करून आमच्या मळ्याकडे आले. उन्हं चढली होती. बांधावर गाव जमलं होतं. रेतीच्या पलीकडे मामाजी खुर्चीवर बसले होते. माझ्या आणि गडव्याच्या मध्ये एक मोकळं रान आणि डाव्या हाताला आमच्या वांग्याचे वाफे. सकाळभर टोले उजवीकडे गेले म्हणून मी डावीकडे नेम धरला, आणि सकाळभरात पहिल्यांदा माझा चेंडू सरळ गेला. म्हणजे नेमका वांग्यात.

सगळे हसले. मीही हसले. आणि मग एकेकाचं हसू थांबलं.

आमच्या मळ्यातून चेंडू काढायचा तर आमच्याच घरचं माणूस पाहिजे. इतकी वर्षं ते काम माझं होतं. आता मी खेळत होते, आणि खेळणाऱ्यानं उभ्या पिकात पाय टाकायचा नाही. इतके दिवस गावानं काथ्याकूट केला, बाईनं खेळावं की नाही, लुगडं नेसून की पंजाबी घालून, इथपर्यंत चर्चा झाली. पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकू पुढे झाल्या. "मी काढतो."

"मळा तुमचा नाई," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "घरच्याच मानसाचा हात लागते."

माझे यजमान थैली खाली ठेवून पुढे आले, पण काकाजींनी हात आडवा केला. माझे यजमान सकाळपासून माझी थैली उचलून चालत होते, आणि थैली उचलणारा हा खेळणाऱ्यातच धरतात. तेही खरं होतं. साहेबाच्या काळापासून खरं होतं.

"मंग?" कोणीतरी विचारलं.

चेंडू निघाला नाही तर मी गडव्यापर्यंत पोचले नाही, आणि मी पोचले नाही तर गडवा उकरायचा. हे कोणी सांगायची गरज नव्हती. मला काकाजींचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या याच ताठपणामुळे मी इथवर खेळत आले होते. तो मला हवा तेवढाच वाकेल असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेवढ्यात खुर्ची करकरली. मामाजी उभे राहिले.

चार पायांची काठी टेकत, उजवा पाय ओढत ते वाफ्याकडे निघाले. पहाटेच मी वांग्याला पाणी सोडलं होतं. सरीत चिखल होता. काठीचे पाय रुतायला लागले तशी त्यांनी काठी तिथेच सोडली आणि वांग्याच्या झाडांना धरत आत गेले. चेंडूपाशी पोचले, पण त्यांना वाकता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग ते सरळ चिखलात बसले. बांधावरची चार माणसं धावली. काकाजींनी त्यांना अडवलं, पण अडवताना त्यांचे डोळे वाहत होते. मी वाफ्याच्या कडेला उभी होते. मनात म्हणत होते, मामाजी, राहू द्या, गेला तर गेला गडवा.

मामाजींनी डाव्या हातानं चेंडू उचलला. मग बसल्याबसल्या, चिखलातून सरकत सरकत ते कडेला आले. माझ्याजवळ. आता त्यांनी तो रेतीकडे लोटला असता, माझ्या सोयीनं कुठेही ठेवला असता, तर गावातलं कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी हात लांब करून वाफ्याची कड चाचपली, चेंडू जिथून आत शिरला होता ती फांदी मोडलेली जागा शोधली, आणि बरोबर तिथे, पाण्याच्या पाटाच्या अडचणीत, चेंडू ठेवला. एक तसूही पुढे नाही. मग माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, मार.

मी मारला. चेंडू पाट ओलांडून रेतीच्या काठाशी गेला. दुसरा टोला हलकाच होता, लहान मुलानं मारावा एवढा. गडव्याला घासून चेंडू पुढे निघून गेला आणि गाव "अरेरे" म्हणालं. तिसऱ्याला तो पितळेवर टणकन वाजला आणि आत पडला.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. काकूंनी मला धरलं होतं. यजमानांनी आणि काकाजींनी मिळून मामाजींना चिखलातून उठवून उभं केलं होतं. काकाजींनी दरवर्षी विचारतात तसं मोठ्यानं विचारलं, "नववा कोनाचा?" आणि मामाजींनी डावा हात माझ्याकडे केला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. तेव्हा वरून आवाज आला. जड, घासलेला, तुटका, पण आवाज.

"मान," मामाजी म्हणाले. त्यांनी पुन्हा सगळा जीव एकवटला. "मान काऊन उचलली?"

जवळून चुकलेला तो हलका टोला. मारताना मी मान वर केली होती. एवढ्या दिवसांनी वाचा फुटली आणि पहिलं वाक्य काय, तर सुनेवर रागावणं! मी रडत होते आणि हसत होते आणि तरी मला उत्तर द्यावंसं वाटलं.

"चेंडू कोठी जाते ते पाहाले, मामाजी."

त्यांनी मान हलवली, अगदी पूर्वीसारखी, माझ्या अडाणीपणाला कंटाळून. शब्द एकेक करून आले.

"ते आम्ही पाहतो. तू खाली पाह्य."

आमच्या घरात मला पुष्कळ आशीर्वाद मिळाले, साड्या मिळाल्या, मानपान मिळाला. पण तुझा चेंडू कुठे जातो ते आम्ही बघतो, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.